वीज पडली, आणि आठ महिने चालली!

गेल्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. सातवीत आहे. बुद्धिबळाचं भलतंच वेड! कपड्यांची पिशवी एवढीशी, पण बुद्धिबळाचं दोन तोंडांचं घड्याळ मात्र आठवणीने आणलेलं. पहिल्याच संध्याकाळी तिने मला पटासमोर बसवलं आणि फर्मान काढलं, "मामा, आपण ब्लिट्झ खेळायचं. तुला तीन मिनिटं, मला तीन मिनिटं."

मी आपला घोडा कुठे न्यावा याचा विचार करत होतो, तोवर माझी तीन मिनिटं संपली सुद्धा! पटावर माझी जवळजवळ सगळी फौज जिवंत, आणि मी मात्र हरलेलो.

"हे असलं कसलं गं तुझं ब्लिट्झ?" मी कुरकुरलो.

"अरे, ब्लिट्झ म्हणजे वीज! जर्मन शब्द आहे. आमच्या सरांनी सांगितलंय. विजेसारखं झटपट खेळायचं, म्हणून ब्लिट्झ."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या कपाटातलं दुसऱ्या महायुद्धावरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. चेहरा गंभीर.

"मामा, या पुस्तकात चूक आहे."

"कसली?"

"हे बघ ना. लंडनवरचा ब्लिट्झ म्हणे ७ सप्टेंबर १९४० ला सुरू झाला आणि ११ मे १९४१ ला संपला. ब्लिट्झ म्हणजे वीज ना? मग वीज आठ महिने कशी पडेल?"

मित्रांनो, आहे की नाही प्रश्न बिनतोड? मी काही तरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. वीज म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपणारी गोष्ट. मग आठ महिने चाललेल्या बाँबहल्ल्यांना वीज हे नाव दिलं कोणी? आणि का?

पुस्तकात चूक नव्हती. पण त्या पाच इंग्रजी अक्षरांच्या शब्दात एक अख्खी गोष्ट दडलेली होती. ती मी भाचीला सांगितली. आज तुम्हालाही सांगतो.

विजेचं माहेर

'ब्लिट्झ' हा शब्द मूळचा जर्मन. जर्मन भाषेत त्याचा साधा, घरगुती अर्थ 'वीज'. विजेच्या दिव्यातली नव्हे हं, आभाळात कडाडणारी! उंच इमारतींवर वीज पडू नये म्हणून जी धातूची कांब लावतात तिला जर्मन लोक 'ब्लिट्झआब्लाइटर' म्हणतात, म्हणजे विजेला बाजूला नेणारी. कॅमेऱ्याचा फ्लॅश म्हणजे 'ब्लिट्झलिश्ट', विजेचा उजेड. आणि भरधाव गाडी हाकणाऱ्याचा फोटो काढणारा रस्त्यावरचा कॅमेरा? त्याला तिथे 'ब्लिट्झर' म्हणतात. लखकन चमकतो आणि दंडाची पावती घरी येते!

जर्मन भाषेत नजरेला 'ब्लिक' म्हणतात. तो ब्लिट्झच्याच घराण्यातला शब्द. नजर आणि वीज एका घरच्या, कारण दोन्ही चमकतात. आपणही म्हणतोच की, "तिच्या डोळ्यांत वीज चमकली."

या विजेची एक गंमत तुम्ही कदाचित नाताळात ऐकली असेल. सांताक्लॉजच्या घसरगाडीला जुंपलेल्या रेनडिअरपैकी दोघांची नावं आहेत डॉनर आणि ब्लिट्झन. म्हणजे मेघगर्जना आणि वीज! १८२३ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका कवितेतून ही जोडी जगाला कळली. तेव्हा त्यांची नावं जराशी वेगळी, डच वळणाची होती. पुढे ती जर्मन वळणाची झाली.

तेव्हा लक्षात घ्या, या शब्दाच्या बालपणात तोफ नाही, विमान नाही, बाँब नाही. आहे ती फक्त आभाळातली एक लखलखती रेघ.

विजेसारखं युद्ध

१९१४ ते १९१८ या काळात पहिलं महायुद्ध झालं. त्यात सैनिक चिखलाने भरलेल्या खंदकांत महिनोन् महिने बसून राहत. हजारो माणसं मरत, आणि सैन्य पुढे सरके ते जेमतेम काही मैल. असं रेंगाळणारं युद्ध पुन्हा नको, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. दुसऱ्या महायुद्धाची ती सुरुवात. या वेळी पद्धत वेगळी होती. आकाशातून झेपावणारी विमानं, खाली जोरात मुसंडी मारणारे रणगाडे, मागोमाग मोटारींतून येणारं पायदळ, आणि सगळ्यांना जोडणारे रेडिओ संदेश. समोरची फळी सावरण्याआधीच तिच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं! पुढे १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजाही पोलंडमध्ये घुसल्या. जेमतेम पाच आठवड्यांत पोलंडची लढाई संपली.

या पद्धतीला एक नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकू लागलं, 'ब्लिट्झक्रीग'. क्रीग म्हणजे युद्ध. ब्लिट्झक्रीग म्हणजे विजेचं युद्ध, वीजयुद्ध.

आता गंमत ऐका. जर्मन सैन्याने आपल्या युद्धपद्धतीला हे नाव अधिकृतपणे कधी दिलंच नव्हतं. जर्मनीतल्या काही लष्करी लेखांत तो शब्द आधी येऊन गेला होता, इतकंच. त्याला जगभर नेलं ते इंग्रजी पत्रकारांनी. खुद्द हिटलरने तर ८ नोव्हेंबर १९४१ च्या म्युनिकमधल्या भाषणात, आपण हा शब्द कधी वापरलाच नाही, तो मूर्खपणाचा शब्द आहे, असं सांगून हात झटकले! का झटकले असतील? कारण तेव्हा त्याचं सैन्य रशियाच्या चिखलात आणि थंडीत अडकून पडलं होतं. तिथे वीजबीज काही चमकत नव्हती.

पण ते पुढचं झालं. १९४० च्या उन्हाळ्यात मात्र ही वीज खरोखरच चमकत होती. १० मे रोजी जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्सकडे निघाल्या. हॉलंड पाच दिवसांत शरण. बेल्जियम मे महिना संपायच्या आत शरण. १४ जूनला जर्मन सैनिक पॅरिसच्या रस्त्यांवरून चालत होते, आणि २२ जूनला फ्रान्सने तहावर सही केली. सहा आठवड्यांत पश्चिम युरोपचा नकाशा बदलला.

आता समोर उरलं होतं फक्त ब्रिटन. मध्ये समुद्राची एक अरुंद पट्टी. पलीकडचे लोक रोज पेपर उघडत आणि एकमेकांना विचारत, "वीज आपल्यावर कधी पडणार?"

त्या शनिवारची दुपार

ती पडली ७ सप्टेंबर १९४० ला. शनिवार होता, स्वच्छ ऊन पडलं होतं. दुपारी उशिरा लंडनच्या पूर्व भागावर साडेतीनशेच्या आसपास बाँबफेकी विमानं आली, आणि त्यांच्या रक्षणासाठी त्याहून कितीतरी जास्त लढाऊ विमानं. निशाणा होता थेम्स नदीवरच्या गोद्यांचा.

त्या गोद्यांत काय नव्हतं? लाकूड, साखर, रंग, दारू, धान्य. सगळंच पेटलं. गोदीच्या आजूबाजूला हमाल, कामगार, शिलाईकाम करणाऱ्या बाया अशा कष्टकऱ्यांची दाट वस्ती होती. तिच्यावरही बाँब पडले. रात्री पुन्हा विमानं आली. या वेळी त्यांना वाट शोधावी लागली नाही. दुपारी लावलेल्या आगीच त्यांना दुरून खुणावत होत्या. त्या एका दिवसात चारशेहून अधिक माणसं मेली.

दुसऱ्या रात्री विमानं परत आली. तिसऱ्या रात्रीही. लंडनवर सलग ५७ रात्री बाँब पडले. मुलांनो, मोजून बघा. गणपती बसल्यापासून दिवाळी संपेपर्यंत साधारण इतक्या रात्री होतात!

आणि याच दिवसांत ब्रिटिश वर्तमानपत्रांनी 'ब्लिट्झक्रीग'मधला 'क्रीग' कापून टाकला. मथळ्यात जागा कमी असते, शब्द छोटा लागतो. मग उरला नुसता 'ब्लिट्झ'. बघता बघता तो पेपरातून लोकांच्या तोंडी आला. 'ब्लिट्झमध्ये आमचं घर गेलं.' 'ब्लिट्झच्या आधी आमची शाळा इथे होती.' असं बोलणं सुरू झालं.

आता कळलं ना, नाव कोणी दिलं ते? बाँब टाकणाऱ्यांनी नाही. ज्यांच्या डोक्यावर बाँब पडत होते, त्यांनी! वर्षभर ज्या विजेची धास्ती घेतली होती, तीच आता आली असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी तिला त्याच नावाने हाक मारली. पण ही वीज चमकून जायला तयारच नव्हती.

जमिनीखालची रात्र

त्या आठ महिन्यांत तुमच्याएवढी मुलं काय करत होती?

पुष्कळशी मुलं लंडनमध्ये नव्हतीच. युद्ध सुरू होताच, १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसांना मोठ्या शहरांतून खेड्यांकडे पाठवण्यात आलं. त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती. कोटाला नावाची चिठ्ठी अडकवलेली, खांद्याला विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याची पेटी, हातात लहानशी बॅग. आईबाबा मागे, आणि आपण कोणाच्या घरी जाणार हेसुद्धा माहीत नाही! पहिले काही महिने लंडनवर बाँब पडले नाहीत, तेव्हा बरीच मुलं घरच्या ओढीने परत आली. आणि नेमका नंतर ब्लिट्झ सुरू झाला.

संध्याकाळ झाली की खिडक्यांना काळे पडदे. एक किरणही बाहेर जाता कामा नये. रस्त्यावरचे दिवे बंद. मग भोंगा वाजायचा, चढत-उतरत जाणारा, रडल्यासारखा. तो वाजला की लपायला धावायचं. धोका टळला की एकाच सुरात लांबलचक भोंगा वाजे. तो ऐकायला सगळ्यांचे कान आतुरलेले असत.

लपायचं कुठे? ज्यांच्या घराला परसबाग होती, ते खड्डा खणून त्यात नालीदार पोलादी पत्र्याची कमान बसवत आणि वर माती लोटत. याला 'अँडरसन शेल्टर' म्हणत. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ते सरकार फुकट देई. आत ओल, थंडी, पावसात पाणी. काही हौशी लोकांनी त्यावरच्या मातीत भाजीपाला लावला होता! ज्यांच्याकडे बाग नव्हती, ते जिन्याखाली, टेबलाखाली बसत.

आणि काहीजण जमिनीखालच्या रेल्वेच्या स्टेशनांत जात. सुरुवातीला सरकारला ते नको होतं. लोक एकदा खाली गेले की वर यायचेच नाहीत, गाड्याही बंद पडतील, अशी भीती होती. पण लोकांनी नामी युक्ती काढली. जवळच्या स्टेशनाचं स्वस्तातलं तिकीट काढायचं, अंथरूण-पांघरूण घेऊन खाली उतरायचं आणि फलाटावर बसकण मारायची. तिकीट काढलेल्या माणसाला कोण हाकलणार? शेवटी सरकारने माघार घेतली. सप्टेंबर १९४० च्या अखेरीस एका रात्री मोजणी केली, तेव्हा सुमारे १ लाख ७७ हजार माणसं स्टेशनांत झोपलेली आढळली! पुढे तिथे झोपायला फळ्या आल्या, संडासांची सोय झाली, चहा आणि खाऊ विकणाऱ्या गाड्या धावू लागल्या.

जमिनीखाली तरी सगळे सुरक्षित होते का? नाही. १४ ऑक्टोबर १९४० च्या रात्री बॅलहम नावाच्या स्टेशनावरच्या रस्त्यावर बाँब पडला. रस्ता खचला, पाण्याचे नळ फुटले, चिखल-पाणी खाली बोगद्यात शिरलं. आसरा घ्यायला आलेली साठाहून अधिक माणसं तिथे मेली.

सकाळी मुलं बाहेर येत. शाळेच्या वाटेवर बाँबचे आणि तोफगोळ्यांचे धातूचे तुकडे पडलेले असत. मुलं ते गोळा करत आणि एकमेकांत अदलाबदल करत, तुम्ही तिकिटं किंवा क्रिकेटपटूंची चित्रं जमवता ना, अगदी तशी. ऐकायला मजेदार वाटतं. पण त्यातला प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी घरावर पडायला आला होता.

इथे भाचीने मला मध्येच थांबवलं. "मामा, मुलांना भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. पण रोज रात्री येणाऱ्या गोष्टीला माणूस काही तरी नाव देतो, म्हणजे तिच्याबद्दल सकाळी बोलता येतं."

दोन्हीकडचे शब्द

ब्लिट्झ फक्त लंडनवर नव्हता. लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, प्लिमथ, ग्लासगोजवळचं क्लाइडबँक अशी किती तरी शहरं भाजून निघाली. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहराचा मध्यभाग जवळजवळ नाहीसा झाला. शेकडो वर्षं उभं असलेलं तिथलं कॅथीड्रल जळून फक्त भिंती राहिल्या. तेव्हा जर्मन प्रचारकांनी फुशारकीने एक नवं क्रियापद बनवलं, कॉव्हेंट्रीवरून. एखादं शहर बेचिराख करणं म्हणजे त्याला 'कॉव्हेंट्री' करणं! एका शहराच्या दुःखाचा त्यांनी शब्द केला. पण तो टिकला नाही. आज तो बहुतेकांच्या स्मरणातून गेला आहे.

२९ डिसेंबरच्या रात्री लंडनच्या जुन्या भागावर आगलावे बाँब पडले. नेमकी थेम्सला ओहोटी होती, पाणी खेचायची पंचाईत. सेंट पॉल कॅथीड्रलच्या शेजारच्या गल्लीत पुस्तकांची मोठमोठी गोदामं होती. तिथे लाखो पुस्तकं एका रात्रीत जळाली. कॅथीड्रल मात्र वाचलं. धुराच्या लोटांतून वर डोकावणाऱ्या त्याच्या घुमटाचा फोटो आजही जगभर ओळखला जातो.

१० मे १९४१ च्या रात्री शेवटचा मोठा हल्ला झाला. मग हिटलरने आपली विमानं पूर्वेकडे, रशियाच्या दिशेने वळवली. तोवर ब्रिटनमध्ये ४० हजारांहून अधिक नागरिक मेले होते. त्यांतले जवळजवळ निम्मे लंडनचे.

आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही. पुढे ब्रिटन आणि अमेरिकेच्या विमानांनी जर्मन शहरांवर याहून कितीतरी जास्त बाँब टाकले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला एका आठवड्यात ३० हजारांहून अधिक माणसं मेली. तिथेही तुमच्याएवढी मुलं तळघरांत बसली होती, आणि त्यांच्या भाषेत 'ब्लिट्झ' म्हणजे तेव्हाही फक्त पावसाळी ढगांतली वीजच होती.

ब्लिट्झची भावंडं

शत्रूचा शब्द उचलून आपला करायची ही इंग्रजांची पहिली वेळ नव्हती. पहिल्या महायुद्धात जर्मनीत एक घोषणा फार गाजली. 'देव इंग्लंडला शिक्षा करो' असा तिचा अर्थ. त्यातला शिक्षेसाठीचा जर्मन शब्द होता 'श्ट्राफं'. खंदकातल्या ब्रिटिश सैनिकांना त्याची गंमत वाटली. तोफांचा मारा सुरू झाला की ते म्हणत, "चला, आपली शिक्षा सुरू झाली!" त्यातून इंग्रजीत 'स्ट्राफ' हे क्रियापद आलं. आज त्याचा अर्थ, विमानाने खूप खाली येऊन जमिनीवर गोळ्यांचा वर्षाव करणं. शिक्षा कुठल्या कुठे गेली!

दुसरं भावंड 'बॅराज'. ब्लिट्झच्या वेळी लंडनच्या आकाशात तारांना बांधलेले प्रचंड फुगे सोडलेले असत, शत्रूची विमानं खाली येऊ नयेत म्हणून. त्यांना 'बॅराज बलून' म्हणत. बॅराज हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ, अडसर, बांध. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांची एक भिंतच उभी करून शत्रूची वाट अडवत. मग त्या तोफांच्या माऱ्यालाच बॅराज म्हणू लागले. पण फ्रेंचांचा जुना, शांत अर्थही मेला नाही. नंदुरबार जिल्ह्यात तापीवर सारंगखेड्याला जे बॅरेज आहे, किंवा नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर बाभळीला, तो हाच शब्द! एकीकडे गोळ्यांचा भडिमार, दुसरीकडे शेतीसाठी अडवलेलं पाणी. शब्द एक, आणि कामं किती निराळी.

मुंबईतला ब्लिट्झ

१९४१ साली, म्हणजे लंडनवर अजून बाँब पडत होते त्याच वर्षी, मुंबईत एक इंग्रजी साप्ताहिक निघालं. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'ब्लिट्झ'! संपादक होते आर. के. करंजिया. सरकारवर, धनदांडग्यांवर सडकून टीका करायची, गौप्यस्फोट करायचे, असा त्याचा खाक्या. शेवटच्या पानावर लेखक आणि चित्रपट दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचं सदर असे. कितीतरी वाचक म्हणे पेपर उलटा धरून शेवटच्या पानापासून वाचत. हे साप्ताहिक आता बंद पडलं आहे. पण तुमच्या आजोबांना विचारून बघा, त्यांना नक्की आठवत असेल.

बघा हं, इथे अर्थ पुन्हा एकदा पालटला. बाँब नाहीत, आग नाही. हल्ला आहे, पण शाईचा.

युद्ध संपल्यावर तर हा शब्द मोकाटच सुटला. जाहिरातींचा धडाका लावला की तो ब्लिट्झ. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावातले खेळाडू एकदम समोरच्या मुख्य खेळाडूवर धावून गेले की तो ब्लिट्झ. आणि इंग्लंडच्या पाककृतींच्या पुस्तकांत तर टोमॅटो मिक्सरमधून काढायचे असले, की लिहितात, टोमॅटो ब्लिट्झ करा! ज्या देशाने ५७ रात्री जागून काढल्या, त्याच देशाच्या स्वयंपाकघरात आज हा शब्द चटणी वाटतोय.

आपल्याही घरात

हसू नका. आपण तरी काय वेगळं करतो? 'मोर्चा' म्हणजे पूर्वी किल्ल्याला वेढा घालताना तोफा लावायची जागा. आज मोर्चा फलक घेऊन जातो. 'आघाडी' म्हणजे सैन्याची पुढची फळी. आज निवडणुकीत पक्षांची आघाडी होते. 'मोहीम' म्हणजे फौज घेऊन केलेली स्वारी. आज शाळेत स्वच्छतेची मोहीम निघते आणि हातात तलवारीऐवजी झाडू असतो. बाई वर्गात प्रश्नांचा भडिमार करतात. लढाया संपतात, राज्यं जातात, पण लढाईतले शब्द मागे राहतात आणि हळूहळू साध्या कामाला लागतात.

हे चांगलंच आहे. शब्दाने कायम रक्तातच का राहावं? पण त्याचं जुनं घर आपल्याला ठाऊक असावं. म्हणजे मग आपण तो वापरताना क्षणभर थांबतो. पेपरात कुठल्याशा शहरावर बाँबवर्षाव झाल्याची बातमी आली, की तो नुसता मथळा राहत नाही. आजही कुठेतरी जिन्याखाली बसून एखादी मुलगी तो लांबलचक भोंगा ऐकू येण्याची वाट बघत असेल, हे आठवतं.

पुन्हा लंडन

माझी गोष्ट संपली. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, म्हणजे पुस्तकात चूक नाही. शब्दच बदलला."

"शब्द नाही बदलला. लोकांवर जे गुदरलं, ते त्या शब्दात भरलं गेलं."

तिने मान हलवली. आणि मग एकदम तिचे डोळे चमकले. ब्लिक आणि ब्लिट्झ! "अरे, पण मामा, आपल्या दिव्या देशमुखने ब्लिट्झ कुठे जिंकलं होतं, माहितीय? लंडनमध्येच!"

खरंच की! जून २०२५ मध्ये लंडनला सांघिक बुद्धिबळाची जागतिक ब्लिट्झ स्पर्धा झाली होती. तिथे नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्याने चीनच्या होऊ यिफानला, महिलांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या खेळाडूला, ब्लिट्झच्या डावात हरवलं. पुढच्याच महिन्यात जॉर्जियातल्या बाटुमीला तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. विश्वनाथन आनंदलाही लहानपणी त्याच्या झपाट्यामुळे 'लाइटनिंग किड' म्हणत. म्हणजे वीज-पोरगा! तीच जुनी वीज, आभाळातली, कोणाचंही घर न जाळणारी.

ज्या शहरावर आठ महिने ब्लिट्झ कोसळला, त्याच शहरात जवळजवळ ८५ वर्षांनी जगभरची मुलंमुली येऊन ब्लिट्झ खेळली. डाव काही मिनिटांत संपला, दोघांनी हात मिळवले, आणि कोणालाही भोंगा ऐकावा लागला नाही.

"चल मामा, मांड पट," भाची म्हणाली. "या वेळी तुला पाच मिनिटं देते."

तरीही मी हरलो, हे सांगायला नकोच!

*डोकं लढवा :* (बघा, 'लढवा' म्हटलंच मी!) घरात, शाळेत, पेपरात दिवसभर कानावर पडणारे लढाईतले दहा मराठी शब्द शोधा. प्रत्येकाचा आधीचा अर्थ आजी-आजोबांना विचारा, नाहीतर शब्दकोशात पाहा. आणि त्यांतला कोणता शब्द आता पूर्णपणे शांत झालाय, ते तुमच्या वहीत लिहून ठेवा.